रानच्या अळंबीची परीक्षा

विज्ञान आणि संसार

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला, मध्ये चार दिवस ऊन पडले आणि पुन्हा आभाळ गडगडले, की रानात अळंबी वर येते, असा आपल्या खेड्यापाड्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कोकणात आणि गोव्यात ती वारुळांवर उगवते. सह्याद्रीच्या उतारांवर कुजक्या ओंडक्यांवर दिसते. झारखंड-छत्तीसगडच्या सालवनांत झाडांच्या मुळांशी सापडते. जाणती माणसे पहाटे टोपल्या घेऊन बाहेर पडतात, आणि थोड्याच दिवसांत तो हंगाम ओसरतो. अशा वेळी पुष्कळांच्या मनात एक साधा प्रश्न येतो. जी अळंबी रानात कोणी न पेरता इतकी चवदार उगवते, तिचीच लागवड आपल्या घराच्या पडवीत का करू नये?

प्रश्न साधा असला, तरी त्याचे उत्तर मिळविण्यास संशोधकांची कित्येक वर्षे खर्ची पडतात. रानातील अळंबी खाण्याजोगी असणे ही एक गोष्ट, ती पिकविण्याजोगी असणे ही दुसरी, आणि ती पिकवून एखाद्या कुटुंबाच्या हाती चार पैसे उरणे ही तिसरी. या तीन पायऱ्या चढताना रानच्या वाणाला कोणकोणत्या कसोट्यांतून जावे लागते, याची ओळख या वेळी करून घेऊ.

पहिली चाळणी : पोट कशावर भरते?

आपण जी छत्री खुडून आणतो ती अळंबीचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर म्हणजे माती, लाकूड किंवा पेंढा यांत पसरलेले पांढरे, तंतुमय कवकजाल. हिरव्या वनस्पतीप्रमाणे ते सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करू शकत नाही. त्याला ते दुसऱ्याकडून मिळवावे लागते. म्हणून एखादा नवा नमुना हाती आला, की सर्वप्रथम हे पाहावयाचे, की त्याचे पोट कशावर भरते?

काही अळंब्या मेलेल्या लाकडावर किंवा काडीकचऱ्यावर जगतात. त्यांना पेंढा, गव्हाचे काड, उसाचे चिपाड असे काहीही दिले, तर ते कुजवून त्यावर त्या वाढू शकतात. धिंगरी हे याचे उत्तम उदाहरण. दुसऱ्या गटातील अळंब्या जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी करतात. कवकजाल झाडाला पाणी आणि क्षार पुरविते. झाड त्याला शर्करा देते. सालवनातील पावसाळी गोळा-अळंबी या गटातील आहे. तिला पिशवीत भरलेला पेंढा देऊन उपयोग नाही. तिला साल वृक्षच हवा.

तिसरा प्रकार सर्वांत नवलाचा. वारुळावरची अळंबी, जिला कोकणात आणि गोव्यात एवढा मान आहे, ती वस्तुतः अगोदरच कोणाच्या तरी शेतीतील पीक असते. तो शेतकरी म्हणजे वाळवी. वाळवी चघळलेल्या काडीकचऱ्याची सच्छिद्र पोळी वारुळाच्या पोटात रचते, तिच्यावर हे कवक वाढविते आणि त्यावर आपल्या वसाहतीचे पोषण करते. वाळवीचे हे कसब मनुष्याला अद्याप साधलेले नाही. तिच्यावाचून या अळंबीचे भरवशाचे पीक घेता येत नाही. म्हणूनच अळंबीच्या लोभाने वारूळ खणून काढणे म्हणजे पुढील वर्षांचे पीक मुळासकट उपटणे होय.

अशा रीतीने पहिल्याच चाळणीत पुष्कळशा चवदार अळंब्या बाजूला पडतात. यात त्यांचा काही दोष नाही. त्यांचे घर रानात आहे, आणि ते रान राखणे हीच त्यांची लागवड.

दुसरी चाळणी : नाव आणि निर्धोकपणा

पेंढ्यावर वाढू शकेल असा नमुना मिळाला, तरी तो खाण्यास निर्धोक आहे याची खात्री आधी करावी लागते. येथे ऐकीव कसोट्या मुळीच कामाच्या नाहीत. विषारी अळंबीने चांदी काळी पडते, लसूण निळी होते, किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, या सर्व समजुती निराधार आहेत. अमॅटॉक्सिन नावाचे अत्यंत घातक विष शिजविल्याने नष्ट होत नाही. शिवाय त्याची लक्षणे बहुधा सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात. मग ओकाऱ्या व जुलाब होतात, मध्ये थोडा उतार पडल्याचा भास होतो, आणि तोवर विष यकृतापर्यंत पोचलेले असते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानची अळंबी खाऊन १३ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक चहामळ्यांच्या भागांतील होती. नव्या वाणाच्या परीक्षेत ओळखीला एवढे महत्त्व का, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून संशोधक प्रथम त्या जागेची, झाडाची, हवामानाची आणि तारखेची नोंद करतात. टोपी कागदावर पालथी ठेवून बीजाणूंच्या भुकटीचा रंग पाहतात, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे आकारमान मोजतात, आणि आता आनुवंशिक द्रव्याचीही तपासणी करतात. वाळविलेला नमुना संग्रहालयात ठेवला जातो, म्हणजे पुढे शंका उपस्थित झाल्यास मूळ पुरावा हाताशी असतो.

हा खटाटोप निरर्थक नाही, हे धिंगरीच्या इतिहासावरून दिसून येते. हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर थोर जातीचे एक काटेरी, चिकाळ झुडूप वाढते. त्यावर उगवलेली धिंगरी जांडाईक यांनी गोळा केली, आणि १९७४ च्या सुमारास त्यांनी व कपूर यांनी केळीच्या खांबाचे तुकडे आणि भाताचा पेंढा यांवर तिची लागवड करून दाखविली. हा भारतीय वाण पुढे अनेक देशांत गेला. ‘प्ल्युरोटस साजोर-काजू’ या नावाने तो सर्वत्र ओळखला जाऊ लागला. परंतु ते नाव मुळात दुसऱ्याच, चिवट अंगाच्या एका अळंबीचे होते. आपली धिंगरी ‘प्ल्युरोटस पल्मोनॅरियस’ या जातीची आहे, असे आता मानले जाते. पीक तेच, चव तीच, पण नाव चुकलेले. येथे चुकीने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण दोन्ही अळंब्या निर्विष होत्या. प्रत्येक वेळी दैव इतके अनुकूल असेलच असे नाही.

तिसरी चाळणी : नळीतून पिशवीत

ओळख पटली की शुद्ध बीज तयार करावयाचे. ताजी अळंबी उभी चिरून, टोपी व देठ जेथे जुळतात तेथील आतला निर्मळ गर निर्जंतुक चिमट्याने उचलतात आणि परीक्षानळीतील बटाटा-शर्करा-अगारच्या खळीवर ठेवतात. काही दिवसांत त्या कणाभोवती कापसासारखे तंतू पसरतात. हा झाला मूळ वाण. यापुढील सर्व परीक्षा त्याच्या संततीवर होतात.

प्रथम तपमान पाहतात. काचेच्या थाळ्यांत वाण लावून त्या २०, २५, ३० आणि ३५ अंश सेल्सिअसला ठेवतात, आणि वर्तुळ रोज किती मिलिमीटर वाढते ते मोजतात. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. तंतूंच्या वाढीस जे तपमान मानवते तेच फळ धरण्यास मानवेल, असे नाही. बटण अळंबीचे तंतू सुमारे २४ अंशांना जोमाने वाढतात, परंतु फळे धरण्यासाठी तिला १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो. महाराष्ट्राच्या किंवा आंध्रच्या मैदानात हा गारवा विजेवर विकत घ्यावा लागतो. म्हणूनच उष्ण प्रदेशातील रानटी वाणांना संशोधनात इतके मोल आहे.

उष्णतेचे वाणही आपले हट्ट घेऊन येतात. भाताच्या पेंढ्यावरील अळंबीची लागवड कोइंबतूर येथे १९४० च्या दशकातच करून पाहण्यात आली. ही अळंबी उकाड्यात झपाट्याने येते आणि रुचकरही असते. परंतु ती शीतकपाटात टिकत नाही. चार अंशांच्या थंडीत ती ताजी राहण्याऐवजी पाणी सोडून विरघळू लागते. तिचे शुद्ध बीजसुद्धा इतर अळंब्यांप्रमाणे तेथे ठेवून चालत नाही. भाजी शीतकपाटात टिकते हा आपला रोजचा अनुभव. पण नव्या वाणाची परीक्षा अनुभवावर न सोडता मोजमापाने का करावी लागते, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

यानंतर बियाणे, ज्याला स्पॉन म्हणतात. ज्वारीचे किंवा गव्हाचे दाणे अर्धवट शिजवून, त्यांत चुन्याची निवळी भुकटी व जिप्सम मिसळून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात आणि त्यांवर वाण वाढवितात. पेंढ्याचे लहान तुकडे भिजवून, गरम पाण्याने किंवा वाफेने शुद्ध करून, निथळून, त्यांत हे बी थराथराने पेरले जाते. एकाच वाणाची परीक्षा भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा, कपाशीच्या पऱ्हाट्या अशा निरनिराळ्या मालावर घेतात. कारण ज्या जिल्ह्यात जे फुकट किंवा स्वस्त मिळते, त्यावरच तेथील कुटुंबाचे पीक उभे राहावयाचे असते.

उत्पन्नाचे गणित

पिशव्या भरल्या की नोंदवही उघडते. तंतूंनी पिशवी पूर्ण व्यापण्यास किती दिवस लागले? पहिले अंकुर कधी दिसले? किती बहर मिळाले? किती पिशव्या हिरव्या बुरशीने वाया गेल्या? एका अळंबीचे वजन किती? आणि सर्वांत शेवटी, एकूण उतारा किती?

उतारा मोजण्याची सर्वमान्य रीत अशी, की ताज्या अळंबीच्या वजनाला कोरड्या पेंढ्याच्या वजनाने भागून शंभराने गुणावे. एक किलो कोरड्या पेंढ्यावर ७२० ग्रॅम अळंबी आली, तर उतारा ७२ टक्के. मात्र पेंढ्याचा ७२ टक्के भाग अन्नात रूपांतरित झाला, असा याचा अर्थ नव्हे. ताज्या अळंबीत दर शंभर भागांत सुमारे नव्वद भाग पाणीच असते. ७२० ग्रॅममध्ये कोरडे सत्त्व जवळजवळ ७२ ग्रॅम, आणि त्यातील चौथा हिस्सा प्रथिन धरले तर अवघे १८ ग्रॅम. आकडा लहान वाटेल. पण ज्या काडातून मनुष्याला एरवी एक कणही अन्न मिळाले नसते, त्यातून तो निघाला, हे विसरू नये. शिवाय उरलेले काड खताला उपयोगी पडते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन रानटी वाण, ‘क’ आणि ‘ख’, प्रत्येकी दहा पिशव्यांत लावले. प्रत्येक पिशवीत एक किलो कोरडा पेंढा. ‘क’च्या चार पिशव्यांनी दीड-दीड किलो अळंबी दिली, चारांनी अर्धा-अर्धा किलो, आणि दोन कोऱ्या गेल्या. एकूण आठ किलो, म्हणजे सरासरी उतारा ८० टक्के. ‘ख’च्या दहाही पिशव्यांनी ७०० ते ७५० ग्रॅमच्या दरम्यान उत्पन्न दिले, एकूण ७ किलो २०० ग्रॅम, म्हणजे उतारा ७२ टक्के. कोणता वाण निवडावा?

घाईत पाहणारा ‘क’ निवडील. परंतु जिला दहाच पिशव्या लावावयाच्या आहेत आणि दर चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाला माल द्यावयाचा आहे, त्या गृहिणीच्या दृष्टीने ‘ख’ अधिक मोलाचा. तिच्या घरात सरासरीने चूल पेटत नाही. आज हाती आलेल्या मालावर पेटते. म्हणून चांगल्या परीक्षेत एका विक्रमी पिशवीला महत्त्व नसते. तोच प्रयोग अनेक पिशव्यांत, पुन्हापुन्हा, निरनिराळ्या ऋतूंत आणि प्रचलित वाणाच्या शेजारी ठेवून करावा लागतो. शेजारचा प्रचलित वाणही त्या दिवसांत उत्तम आला असेल, तर यशाचे श्रेय नव्या वाणाचे नसून अनुकूल हवेचे असण्याचा संभव असतो.

याच कारणास्तव आपल्या देशात ही परीक्षा एका प्रयोगशाळेवर सोपविलेली नाही. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ मध्ये अळंबी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तेच आज अळंबी संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. त्याच्या जोडीने अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालतो आणि निरनिराळ्या राज्यांतील केंद्रांवर वाणांची तुलना होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील केंद्र त्यांपैकीच एक. सोलनच्या थंडीत उत्तीर्ण झालेला वाण पुण्याच्या वैशाखात टिकतो की नाही, हे पुण्यातच ठरावयाचे.

दुधी अळंबीची दीर्घ वाट

धिंगरीची कथा आपण पाहिली; तिला रानातून शेतात येण्यास फार काळ लागला नाही. न कुजविलेला पेंढा तिला चालतो आणि वर मातीचा थरही लागत नाही. याउलट दुधी अळंबीची कथा आहे. पश्चिम बंगालमधील या पांढऱ्याशुभ्र, जाड देठाच्या अळंबीचे शास्त्रीय वर्णन पुरकायस्थ आणि चंद्र यांनी १९७४ मध्येच प्रसिद्ध केले, आणि पुढील काही वर्षांत बंगालमध्ये तिच्या लागवडीचे प्रयोगही झाले. तरी तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा ‘ए. पी. के. २’ हा वाण येऊन तिची व्यापारी लागवड रुजण्यास १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. मध्ये दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

हिला पेंढा तर चालतोच. पण तंतू पसरल्यावर पिशवीच्या तोंडाशी मातीचा ओलसर थर द्यावा लागतो. ती माती आधी निर्जंतुक करावी लागते आणि चुनखडीने तिचा आम्लपणा घालवावा लागतो. एवढे केल्यावर मात्र ही अळंबी ३० ते ३५ अंशांच्या उष्णतेत, म्हणजे जेव्हा इतर अळंब्या माना टाकतात तेव्हा, भरघोस येते. खुडल्यावर ती बटण अळंबीसारखी लवकर काळवंडतही नाही. दक्षिणेतील उन्हाळ्याला हवी होती ती अळंबी कोणी परदेशातून आणली नाही. ती बंगालच्या मातीत होतीच. तिच्या सवयी समजून घेण्यास तेवढा काळ लागला.

पीक घरात आल्यावर

भरघोस उतारा देणारा वाणसुद्धा घरात नांदतो की नाही, हे पाहावेच लागते. धिंगरीच्या टोप्या पूर्ण उमलल्या की अगणित बीजाणू हवेत उधळतात. बंद खोलीत रोज काम करणाऱ्या काहींना त्यांमुळे खोकला, ताप आणि धाप यांचा त्रास जडतो. यासाठी बीजाणू न देणारे वाण मुद्दाम निर्माण करण्याचे प्रयत्न झाले आहेत. तोवर टोपीच्या कडा आत वळलेल्या असतानाच खुडणी करणे, खोलीत हवा खेळती ठेवणे आणि तोंडाला फडके बांधणे एवढी काळजी घ्यावी. पिशवीवर लावलेल्या अळंबीहून वेगळे असे काही उगवले, तर ते उपटून फेकून द्यावे. घरच्या पिशवीवर आले म्हणून ते खाण्याजोगे ठरत नाही.

दुसरी अडचण वाण उतरण्याची. एकाच बियाण्यावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, असे वारंवार करीत गेल्यास त्याचा जोम ओसरतो. तंतू विरळ होतात, बहर लांबतात. म्हणून संस्था मूळ वाण द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांच्या थंडीत जपून ठेवतात आणि ठरावीक काळाने त्याच्याकडे परत जातात. घरच्या घरी जुन्या पिशवीतून नव्या पिशवीत बी नेणारा शेतकरी एखादा हंगाम पैसे वाचवितो, आणि पुढल्या हंगामात ते हिरव्या बुरशीच्या स्वाधीन करतो.

तेव्हा बियाणे विकत घेताना वाचकांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत. हा वाण कोणता, आणि मूळ बीज कोणत्या संस्थेतून आले? बी केव्हा तयार केले? त्यास फळ धरण्यासाठी किती तपमान लागते, आणि ते आपल्या खोलीत त्या महिन्यात असते काय? आपल्या भागात सहज मिळणाऱ्या काडावर त्याची परीक्षा झाली आहे काय? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळत नाहीत, तेथे पैसे मोजू नयेत.

आणि रानात एखादी अनोळखी, देखणी अळंबी लाकडावर उगवलेली आढळलीच, तर ती चाखून पाहण्याचा मोह टाळावा. तिचे छायाचित्र, जागा, झाड आणि तारीख यांची नोंद करून, ती कागदी पुडक्यात घालून जवळच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पोचवावी. संरक्षित वनातून मात्र काहीही उचलण्यापूर्वी वनखात्याला विचारावे. अळंबी ओळखणारे खरे तज्ज्ञ पुष्कळदा रानालगतच्या वाड्यापाड्यांवर राहतात. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने अशा ज्ञानाच्या उपयोगातून होणाऱ्या लाभात त्यांचाही वाटा मानला आहे, आणि गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत ते ज्ञान लिहून ठेवण्याची तरतूद केली आहे. उद्याचा उन्हाळी वाण कदाचित त्यांच्याच माहितीच्या एखाद्या ओंडक्यावर उगवत असेल. त्याची नोंद होण्यापूर्वी तो ओंडका सरपणात जाऊ नये, एवढी खबरदारी घेणे आपल्या हाती आहे.